गालिचा कशाचा घ्यावा? लोकर, रेशीम, सूत की सिंथेटिक?



चातुर्मास संपत आला की दिवाळीची साफसफाई सुरू होते आणि त्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो: हॉलमध्ये गालिचा कोणता घ्यावा? स्थानकात, लग्नघरात, अगदी भाजी घेतानासुद्धा हा प्रश्न मला विचारला गेला आहे. विचारणारीच्या मनात बहुतेक दोन शंका असतात. लोकरीचा गालिचा आपल्याला चालतो का? आणि सिंथेटिक घेतला तर दोष लागतच नाही ना?

दुकानदारांनीही आपली नाडी बरोबर ओळखली आहे. एका दुकानात मला सांगण्यात आलं, "वहिनी, हा एकदम जैन गालिचा आहे, प्राण्याचं काहीच नाही यात." गालिचा पॉलिप्रॉपिलीनचा होता, म्हणजे प्लॅस्टिकचा. प्राण्याचं त्यात काही नव्हतं हे खरं. पण तेवढ्यावर त्याला "जैन" म्हणायचं का, हा विचार आपण करायला हवा. ते काम दुकानदाराचं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. रेशमी गालिचा घेऊ नये. लोकरीचा घ्यायचाच तर चौकशी करून, आणि रोज वापरात राहील असाच घ्यावा. सिंथेटिक काही ठरावीक जागीच बरा. आणि बहुतेक घरांना सुती सतरंजी पुरते. यामागची कारणं एकेक करून बघू.

रेशीम: इथे दुमत असू नये

रेशमाचा धागा कोशातून निघतो. कोशात जिवंत किडा असतो आणि तो पतंग होऊन बाहेर पडला तर अखंड धागा तुटतो. म्हणून कोश उकळत्या पाण्यात, वाफेत किंवा गरम हवेत घालून आतला जीव आधीच मारतात. एक किलो कच्च्या रेशमाला साधारण ५ ते ६ हजार कोश लागतात. एका साडीत जेवढं रेशीम असतं त्याच्या कितीतरी पट दाट विणीच्या गालिच्यात जातं. आपण मुंगी चुकवून पाऊल टाकणाऱ्या बायका. हजारो पंचेंद्रिय नसले तरी हजारो त्रस जीव जाणूनबुजून मारून बनवलेल्या वस्तूवर बसून सामायिक कसं करायचं?

"अहिंसा रेशीम" नावाचा एक प्रकार आहे. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशांपासून धागा काढायची पद्धत पुढे आणली. त्यामागची भावना मोलाची आहे. पण पाळीव रेशमाचा पतंग हजारो वर्षांच्या पैदाशीमुळे धड उडूही शकत नाही, अंडी घालून थोड्याच दिवसांत मरतो. शिवाय असं रेशीम गालिच्याच्या बाजारात क्वचितच दिसतं. त्यामुळे "अहिंसा" हा शब्द ऐकून लगेच पाकीट उघडू नका.

आणखी एक गंमत. दुकानात "बांबू सिल्क" किंवा "आर्ट सिल्क" म्हणून जे चमकदार गालिचे दाखवतात ते बहुतेक व्हिस्कोस असतात, म्हणजे लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी बनवलेला धागा. त्यात किडा नाही, ही चांगली गोष्ट. पण व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर पडतं, पाणी सांडलं की डाग आणि खरखरीत ठिपके उरतात. लहान मुलं असलेल्या घरात तो शोभेचाच राहतो.

लोकर: हो किंवा नाही इतकं सोपं नाही

लोकरीबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. आपल्या श्वेतांबर परंपरेत साधू-साध्वींचा ओघा लोकरीचा असतो, सामायिकाचं आसनही बहुतेक घरांत लोकरीचंच. आगमात साधूंना चालणाऱ्या वस्त्रांचे पाच प्रकार सांगितले आहेत: जांगिक, भांगिक, सानक, पोतक आणि तिरीटपट्टक. यातलं जांगिक म्हणजे जंगम, चालत्या-फिरत्या जिवांपासून मिळालेलं, जसं लोकर. भांगिक अळशीसारख्या झाडांच्या धाग्याचं, सानक सणाचं, पोतक कापसाचं आणि शेवटचं झाडाच्या सालीचं. रजोहरणाचेही असेच पाच प्रकार आहेत, त्यात लोकरीबरोबर उंटाचे केस, सण आणि गवतही येतं. म्हणजे लोकर सरसकट निषिद्ध असती तर तिला या यादीत जागा मिळाली नसती. सांगली-कोल्हापूरकडच्या आमच्या दिगंबर मैत्रिणी मात्र पूजेला लोकर चालू देत नाहीत. त्यांचे मुनी मोरपिसांची पिंछी ठेवतात आणि पाटावर किंवा चटईवर बसतात. दोन्हीकडे श्रद्धा तेवढीच आहे, तेव्हा यावरून कोणी कोणाला कमी लेखू नये.

पण आगमकाळातली लोकर आणि आजच्या शोरूममधली लोकर एक नाही, हे लक्षात घ्यावं. कातरून काढलेल्या लोकरीसाठी मेंढी मारावी लागत नाही. मात्र बाजारात कत्तल झालेल्या मेंढ्यांच्या कातड्यावरून काढलेली लोकरही असते. व्यापारात तिला "टॅनरी वूल" म्हणतात आणि ती स्वस्त गालिच्यांत मिसळली जाते. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीखालची कातडी कापायची "म्युलसिंग" नावाची पद्धत आहे. तिथे माश्यांनी अंडी घालू नयेत म्हणून ती करतात. न्यूझीलंडने २०१८ मध्ये त्यावर बंदी घातली. भदोही-मिर्झापूरच्या गालिच्यांत बिकानेरकडची देशी लोकरही असते आणि न्यूझीलंडहून आयात केलेलीही. म्हणून "लोकर आहे" एवढं कळून पुरत नाही. कुठली, आणि कातरलेली की कातड्यावरची, हे विचारायला हवं.

आपल्याकडे धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर आहे. तिच्यापासून सणगर घोंगडी विणतात आणि चिंचोक्याची खळ लावून तिला ताठपणा आणतात. आज या लोकरीला भाव इतका कमी आहे की कातरणीचा खर्चसुद्धा निघत नाही, आणि मेंढपाळाचं उत्पन्न मांसावरच अवलंबून राहतं. मेंढ्या अखेर कुठे जातात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. तरीही मला वाटतं, जिवंत मेंढीच्या केसांना किंमत मिळणं हे फक्त मेलेल्या मेंढीला किंमत मिळण्यापेक्षा बरं. लोकरच हवी असेल तर परदेशी लोकरीच्या गालिच्यापेक्षा जवळच्या माणसाची घोंगडी घ्या. ती हॉलमध्ये अंथरलेली दिसतेही छान.

लोकरीचे गुण खरे आहेत. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही. सहज पेट घेत नाही, पेटलीच तर ज्योत पसरवत नाही. दबलेले तंतू पुन्हा उभे राहतात, म्हणून चांगला गालिचा दोन पिढ्या टिकतो. पण तिला कसर लागते. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केस-नखांसारखंच, आणि ते काही पतंगांच्या आणि भुंग्यांच्या अळ्यांचं अन्न आहे. सोफ्याखाली, कपाटामागे, जिथे महिनोन्‌महिने हात लागत नाही, तिथे या अळ्या वाढतात. मग घरात काय होतं? डांबरगोळ्या, नाहीतर फवारा. म्हणजे मेंढी न मारता मिळालेल्या लोकरीसाठी आपण घरात शेकडो जीव मारतो. हा भाग कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते लोकरीबाबत हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे. लोकर रोज पायाखाली, रोज उजेडात, आठवड्याला उचलून झटकणारी बाई घरात असेल तरच लोकर घ्यावी. दिवाणखान्यात कायमची पसरून ठेवायची असेल तर नको.

सूत: निर्दोष नाही, पण सगळ्यात समंजस

कापूस म्हणजे एकेंद्रिय वनस्पती, म्हणून दोष कमी, असं आपण मानतो. हिशेब इतका सरळ नाही. बोंडअळीसाठी कापसावर भरपूर फवारणी होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. अळ्या किती मेल्या याची तर मोजदादच नाही. म्हणून शक्य असेल तिथे सेंद्रिय कापूस बघावा.

तरीही माझं झुकतं माप सुतालाच आहे. कारण श्रावकाला हिंसा शून्यावर आणता येत नाही, ती कमी करत नेता येते. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी हे हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो. त्यातली संकल्पी तर पूर्ण सोडायचीच, बाकीच्यांत विवेक ठेवायचा. सुती सतरंजी घडी घालून एका हाताने उचलता येते. तिच्यात दाट केसाळ थर नसतो, त्यामुळे मुंगी किंवा झुरळाचं पिल्लू शिरलं तरी दिसतं. कसर तिच्या वाटेला सहसा जात नाही. घरी धुता येते, उन्हात एका दिवसात वाळते. मळली, विरली तर पायपुसणी करता येतात आणि शेवटी ती मातीत मिसळून जाते.

आमच्या आजीच्या काळी लग्नात जाजम अंथरत आणि घरात चिंध्यांची सतरंजी असे. जुन्या साड्यांच्या पट्ट्या काढून विणकराकडे द्यायच्या, तो विणून द्यायचा. नवा धागा नाही, नवी फवारणी नाही, आणि घरातल्या प्रत्येक साडीची आठवण त्यात. अपरिग्रह सांगायला यापेक्षा चांगली वस्तू मला तरी सापडलेली नाही. अजूनही काही ठिकाणी असे विणकर आहेत, त्यांना काम द्या.

ताग, काथ्या आणि घायपात

तागाची चटई दिसायला सुंदर, पण पाणी लागलं की पिवळट तपकिरी डाग पडतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तिला बुरशी येते, म्हणजे आपली लीलन-फूलन. तिच्यावर पाय देणंही आपण टाळतो, मग ती घरातच वाढवायची कशाला? नगर, सोलापूर, मराठवाड्याच्या कोरड्या हवेत मात्र ताग चांगला राहतो. काथ्या दाराबाहेरच्या पायपुसण्याला उत्तम, कारण चपलेची धूळ आत येत नाही. घायपाताच्या धाग्याची चटई टिकाऊ पण खरखरीत, रांगत्या बाळाच्या गुडघ्यांना टोचते.

सिंथेटिक: फायदे खरे, पण निर्दोषपणाचा दाखला खोटा

नायलॉन, पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन हे तीन मुख्य. तिन्हींचा उगम खनिज तेलात. कसर लागत नाही, बुरशी धाग्यात शिरत नाही, पॉलिप्रॉपिलीन तर पाणी जवळजवळ शोषतच नाही. आजारी माणसाच्या खाटेशेजारी, जिथे वारंवार सांडलवंड होते, तिथे हा उपयोगी पडतो. कीटकनाशक मारावं लागत नाही, हा मुद्दा आपल्यासाठी लहान नाही.

आता दुसरी बाजू. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं. उदबत्तीची ठिणगी किंवा आरतीतला कापूर पडला की भोक पडतं आणि वितळलेलं प्लॅस्टिक त्वचेला चिकटतं. धर्माराधनेच्या खोलीत म्हणूनच तो नको. वापरताना त्याचे बारीक प्लॅस्टिक तंतू झडतात, धुताना ते पाण्याबरोबर ओढ्या-नद्यांत जातात. अपकायाचा विचार करून पाणी गाळून पिणाऱ्या आपण त्याच पाण्यात प्लॅस्टिक सोडायचं? आणि स्वस्त असल्यामुळे तो दर दोन-तीन वर्षांनी बदलला जातो. जुना कुठे जातो? कचरा डेपोत, जिथे तो कुजत नाही, आणि जाळला तर विषारी धूर होतो. प्राण्याचं काही नाही म्हणून दोष नाही, हे म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. ज्या जिवांना आपण बघत नाही तेही जीवच आहेत.

जुन्या प्लॅस्टिक बाटल्यांपासून केलेल्या पॉलिएस्टरच्या सतरंज्या आता मिळतात, पानिपतला मोठ्या प्रमाणावर बनतात. सिंथेटिकच लागणार असेल तर त्या निदान नव्या तेलापेक्षा बऱ्या. तंतू झडण्याचा प्रश्न मात्र राहतोच.

"नैसर्गिक रंग" ऐकून फसू नका

महागड्या हातविणीच्या गालिच्यांवर "नैसर्गिक रंग" अशी चिठ्ठी असते आणि आपण निर्धास्त होतो. लाल रंग मंजिष्ठेचा असेल तर ती वनस्पती आहे, निळा नीळ असेल तर तीही वनस्पती. पण गडद किरमिजी रंग हा किरमिजाच्या कीटकांपासून किंवा लाखेच्या किड्यांपासून काढलेला असू शकतो. एक किलो वाळलेल्या किरमिजाला सुमारे दीड लाख कीटक लागतात. नैसर्गिक आणि अहिंसक हे दोन वेगळे शब्द आहेत. विचारायचं ते हे: रंग कशाचा?

विणणारे हात

गालिच्याच्या धंद्याची एक जुनी लाज आहे, बालमजुरी. बारीक गाठी मारायला लहान बोटं बरी, असं म्हणून मुलांना मागावर बसवलं गेलं. कैलाश सत्यार्थी आणि इतरांच्या प्रयत्नांतून १९९४ मध्ये "रगमार्क" ही खूण सुरू झाली, पुढे तिचं नाव "गुडवीव्ह" झालं. बालमजुरीविना विणलेल्या गालिच्यावर ती असते. किड्याची दया करायची आणि दहा वर्षांच्या मुलाची करायची नाही, असा धर्म आपला नाही. हातविणीचा गालिचा घेताना ही खूण विचारायला संकोच करू नका.

सगळ्यात आधी बघायचा तो तळ

इतकं धाग्याबद्दल बोलले, पण मला विचाराल तर धाग्याच्या आधी एकच गोष्ट बघा: हा गालिचा मी एकटी उचलू शकते का? तत्त्वार्थसूत्रात हिंसेचा संबंध प्रमादाशी, बेसावधपणाशी जोडला आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेल्या गालिच्याखाली काय चाललंय हे आपल्याला कधी कळतच नाही. पडिलेहण करता येत नाही अशी जागा घरात आपणच तयार करतो, आणि मग पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो. धागा कुठलाही असो, असा गालिचा जयणेच्या विरुद्ध आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलटून तळही बघा. "टफ्टेड" गालिच्याच्या मागे रबरासारख्या लॅटेक्सने कापड चिकटवलेलं असतं. काही वर्षांनी ते सुकून भुकटी होऊन गळतं. हातविणीच्या गालिच्याच्या पाठीवर गाठी दिसतात, चिकटवलेला थर नसतो. घरात वयस्कर माणसं असतील तर सतरंजीखाली न सरकणारी जाळी जरूर घाला. सासूबाईंचा पाय घसरला तर कुठल्याच धाग्याचं पुण्य उपयोगी पडणार नाही.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. वरचा धागा कशाचा, ताण्याचा कशाचा, तळाला काय लावलंय?
२. लोकर असेल तर कुठली, आणि कातरलेली की टॅनरीची?
३. "सिल्क" म्हणजे खरं रेशीम की व्हिस्कोस?
४. लाल आणि किरमिजी रंग कशाचा?
५. कसर लागू नये म्हणून कारखान्यात कीटकनाशक लावलंय का?
६. घरी धुता येतो का, आणि वाळायला किती वेळ लागतो?

शंका असेल तर झालरीचा एक धागा दुकानदारालाच जाळून दाखवायला सांगा. सूत आणि व्हिस्कोस कागदासारखं जळतं, मऊ राख होते. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. सिंथेटिक वितळून कडक मणी होतो. अग्निकायाचा विचार करून एकाच धाग्यावर थांबा.

घरात आल्यावर

आठवड्यातून एकदा उचला, आधी पुंजणीने किंवा मऊ झाडूने खालची जागा हळुवार पुंजा, मग दाराबाहेर हलकेच झटका. झटकताना जीव दिसले तर सावलीत, मातीवर सोडा, भर उन्हात टाकू नका. खाण्याचे कण गालिच्यावर पडू देऊ नका, कारण मुंग्या अन्नामागे येतात. लोकरीच्या आसनांच्या घडीत वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. जीव जन्माला येऊ न देणं ही जयणा, आल्यावर मारणं ही हिंसा. ओली सतरंजी घडी करून कधीच ठेवू नका.

घरात आधीच असलेल्या गालिच्याचं काय?

एका ताईंनी विचारलं होतं, लग्नात माहेराहून आलेला रेशमी गालिचा आहे, सून म्हणते टाकून द्या, सासूबाई म्हणतात आशीर्वाद आहे. माझं मत असं की टाकून देऊन एकही किडा परत जिवंत होणार नाही. नवीन घेणं म्हणजे नव्या हिंसेला मागणी देणं, जुनं जपून वापरणं तसं नाही. पण त्यावर बसून सामायिक करायला मन धजत नसेल तर धर्माराधनेला साधं सुती आसन ठेवा. यात सासू आणि सून दोघींचंही मन राहतं. तरीही शंका राहिली तर आपल्या गावी विराजमान असलेल्या महासतीजींना विचारावं, माझ्या लिहिण्यापेक्षा त्यांचा शब्द मोठा.

आणि शेवटी एक प्रश्न, जो यादीत सगळ्यात आधी यायला हवा होता: गालिचा खरंच हवा आहे का? शेजारणीकडे आहे म्हणून, फोटोत छान दिसतो म्हणून घ्यायचा असेल, तर स्वच्छ पुसलेली फरशी हा सगळ्यात कमी हिंसेचा गालिचा आहे. थंडीत पाय गारठतात, आजोबांना खाली बसायचं असतं, बाळ रांगायला लागलंय, अशी गरज असेल तर जरूर घ्या, आनंदाने घ्या.

तुमच्या घरी काय अंथरता, कुठल्या गावी चांगला सतरंजी विणणारा आहे, हे जरूर कळवा. जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.